मापाचा माणूस

सांगतो ते कुणी खरं मानणार नाही. नका मानू! पण बडोद्यात विश्राम शितोळे नावाचा एक गडी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, मिसरूड फुटून दहा वर्षं उलटल्यावर, दीड सेंटीमीटरहून जास्त वाढला. त्याची नोंद आहे, निळ्या शाईत, तारीखवार, डॉक्टरांच्या सहीसकट. औषधाने नाही वाढला, टॉनिकने नाही. प्रेमाने वाढला!

हसा खुशाल. पण आधी ऐका.

गुजरात वेगळं होऊन तीसेक वर्षं झाली होती. जानेवारी महिना. उत्तरायण नुकतं उलटलेलं, त्यामुळे वाडीतल्या एकूण एक तारेवर फाटके पतंग लोंबत होते, आणि तुटलेला मांजा येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात घोटाळत होता. विश्राम एका पोळाच्या अरुंद गल्लीतून लुना हाकत निघाला होता, घाईत. नव्या नोकरीचा पहिला दिवस! एवढ्यात मांजा चाकात गुंडाळला गेला, लुना अडली, आणि समोरून गल्लीची सगळी रुंदी अडवत एक फळी आली.

साधीसुधी फळी नव्हे. माणसापेक्षा उंच, पॉलिश केलेली, कडेने मिलिमीटरच्या बारीक रेघा, आणि वरून खाली सरकणारी एक लाकडी पट्टी. फळीचं मागचं टोक म्हाताऱ्या सुताराच्या खांद्यावर. पुढचं... पुढचं एका मुलीच्या खांद्यावर. वेणी पुढे आलेली, कपाळावर घाम, आणि डोळे असे, की रस्ता आपल्या आजोबांनीच बांधलाय.

"भाई, बाजु पर!" ती ओरडली.

"बाजूला कुठे जाऊ? भिंतीत शिरू?" विश्रामच्या तोंडून मराठी निसटलं.

"अय्या, आपल्यातले होय! मग मराठीत सांगते. सरका."

"चाक अडकलंय."

"मग तुम्ही अडकलात, असं म्हणा ना."

तिने फळी भिंतीला उभी टेकवली, तेवढी तरी जागा व्हावी म्हणून. विश्राम मांज्यात गुंतलेल्या चपला काढून, अंग चोरून फळीसमोरून सरकायला गेला आणि ती वरची पट्टी सर्रकन खाली आली... टप्प! बरोबर त्याच्या टाळूवर.

"हलू नका!" मुलगी एकदम जवळ आली. एक डोळा मिटला, दुसरा रेघेवर रोखला. तिच्या केसांना शिकेकाईचा वास होता. विश्राम हलला नाही. त्या क्षणी भूकंप झाला असता तरी तो हलला नसता.

"एकशे बासष्ट पूर्णांक आठ," ती म्हणाली. "काका, पट्टी काय मस्त सरकते हो!"

"आणि तुमची किती?" विश्रामने विचारलं. का विचारलं, देव जाणे.

"बायकांना विचारू नये. एकशे चौसष्ट पूर्णांक तीन." ती हसली. "आमची मावशी म्हणते, मुलगा बोटभर तरी उंच हवा. शोधतेय बिचारी दुर्बीण लावून."

"मावशीचं कळलं. तुमचं काय म्हणणं?"

"माझं म्हणणं, फळी नवाच्या आत पोचली पाहिजे."

आणि फळीबरोबर ती गेलीसुद्धा. विश्राम तिथेच, टाळूवर हात ठेवून. दीड सेंटीमीटर! आयुष्यात पहिल्यांदा त्याला कळलं, की माणूस दीड सेंटीमीटरने गरीब असू शकतो. शितोळ्यांच्या मागच्या चार पिढ्या संस्थानच्या फौजेत होत्या, सगळे सहा फुटी. घरातल्या भिंतीवर त्यांच्या तसबिरी. विश्रामच तेवढा आखूड निघाला होता.

अर्ध्या तासाने तो कचेरीत हजर झाला, तर ती फळी तिथे भिंतीला लावलेली, आणि फळीच्या बाजूला ती!

"या, एकशे बासष्ट पूर्णांक आठ," ती म्हणाली. "मी निरुपमा आपटे. मापं माझ्याकडे."

"विश्राम शितोळे. गोळ्या माझ्याकडे."

खुर्चीत बसलेल्या डॉक्टर अहल्याबेन दोघांकडे चष्म्यावरून बघत होत्या. घर मराठी, नाव मराठी, पण बडोद्यात पस्तीस वर्षं लहान मुलांची डॉक्टरकी केल्यावर त्या 'बाईं'च्या 'बेन' झाल्या होत्या. काम त्यांचंच. त्यांचा प्रश्न साधा होता. वस्तीतली मुलं जेवतात, तरी वाढत नाहीत. पोटात जंत. मग ठरावीक महिन्यांनी जंताची गोळी दिली, तर मुलं वाढतील का? तीनशे बारा मुलं निवडलेली. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना दिसायला आणि चवीला अगदी तशीच पोकळ गोळी. अभ्यास संपला की खरी सगळ्यांनाच द्यायची, असं आयांना आधीच सांगितलेलं. कुणाला कुठली, हे विश्रामला ठाऊक नाही, निरुपमाला नाही, खुद्द अहल्याबेनना नाही. ती यादी मोहोरबंद पाकिटात, दुसऱ्या गावी.

"म्हणजे आपल्या हातात काय?" विश्रामने विचारलं.

"माप," अहल्याबेन म्हणाल्या. "माप खोटं, तर सगळंच खोटं. फळी तपासायला धातूचा दांडा मागवलाय, तो काही येत नाही. तोवर एक करायचं. मोठा माणूस वाढत नाही. तेव्हा दर सोमवारी सकाळी आठला, निघायच्या आधी, एकाच मोठ्या माणसाला मोजायचं. आकडा तोच आला, तर फळी खरी. कुणाला मोजशील, निरुपमा?"

"शितोळ्यांना. त्यांचं एकदा झालंय," निरुपमा म्हणाली, आणि का कुणास ठाऊक, लाजली.

असा विश्राम मापाचा माणूस झाला.

आता बडोद्यात बाईमाणसाला हाक मारायची तर नावापुढे बेन लावायचं, हा शिरस्ता. मुलांची मोजणी व्हायची त्या अंगणवाडीतल्या सगळ्यांना विश्रामने लावलं, स्वैपाकिणीला लावलं, फाटकातल्या शेंगदाणेवालीलाही लावलं. एकटीला मात्र नाही लावलं. तिला तो 'अहो' म्हणायचा. अंगणवाडीतल्या बायकांना हे निरुपमाच्या आधी कळलं. बायकांना कळतंच.

आणि सोमवार! काय सांगू तुम्हाला सोमवारची गोष्ट! मोजायची एक रीत असते. पायात काही नको. टाचा फळीला, पाठ फळीला. मग मोजणारी दोन बोटं हनुवटीखाली धरून मान सरळ करते. "नजर समोर," निरुपमा म्हणायची. "श्वास आत घ्या... धरा." पट्टी टाळूवर टेकायची, तिचा चेहरा रेघेपाशी यायचा, वीतभर अंतरावर. ती आकडा वाचायची, चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठी कुलपाच्या पेटीत टाकायची. मागचं माप बघायचं नाही, जो येईल तो लिहायचा, हा अहल्याबेनचा कडक नियम. मागचं बघितलं की डोळा तेच वाचतो.

"सोडा आता श्वास, शितोळे. कुणी धरून ठेवायला सांगितलंय?"

"तुम्हीच तर म्हणालात, धरा."

"एवढा वेळ नाही हो म्हणाले!"

पण विश्रामच्या डोक्यात दीड सेंटीमीटरने घर केलं होतं. त्याच्या आखाड्यातले वस्ताद उदयसिंहराव एकदा बोलता बोलता म्हणाले, की रिंगांना लटकलं की मणके मोकळे होतात, माणूस सुटतो, लांबतो. झालं! सोमवारी पहाटे विश्राम आखाड्यात. दोन्ही हातांनी रिंगा धरल्या, पाय सोडले. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं. मग वीस. मग तास. उन्हाळ्यापर्यंत तर असा लटकायचा, की चिमण्या खांद्यावर बसून दाणे टिपायच्या आणि उदयसिंहराव त्याच्या पायाला टॉवेल वाळत घालायचे. तिथून उतरायचं आणि लुनावर ताठ बसून, खड्डे चुकवत, थेट फळीपाशी. कारण उतरलं की माणूस पुन्हा बसायला लागतो ना! एक खड्डा म्हणजे एक मिलिमीटर, असा त्याचा हिशेब.

फेब्रुवारीत तो दोन मिलिमीटर वाढला. होळीला पाच. विश्रामला वाटायचं, एक दिवस ती आकडा वाचून म्हणेल, अगंबाई... शितोळे, तुम्ही माझ्याएवढे! ती नुसती आकडा लिहायची, चिठ्ठी टाकायची, आणि पदर खोचून फळी रिक्षात चढवायची.

त्या वस्तीत रमीला नावाची मुलगी होती. पादरा गावाकडून मजुरीला आलेल्या बाईची, चार वर्षांची. डोळे मोठे, पोट मोठं, बाकी सगळं बारीक. जानेवारीत अठ्ठ्याऐंशी पूर्णांक चार. मार्चमध्ये तेवढीच. मेमध्ये तेवढीच. मुलांच्या कागदावरचा आधीचा आकडाही बघायचा नाही, पण रमीलाचा निरुपमाला पाठ होता. ती मोजून झाली की निरुपमा रिक्षात बाहेर बघत बसायची.

"हिला पोकळ गोळी असेल का?" एकदा तिने विचारलं.

"कुणाला ठाऊक," विश्राम म्हणाला. "मी देतो तेव्हा मनात म्हणतो, खरी हो. पोकळ असलीस तरी खरी हो."

निरुपमाने वळून त्याच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं... पण ते पाहणं विश्रामला तीन दिवस पुरलं.

ऑगस्टात एका दुपारी अंगणवाडीच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. रमीला फळीपाशी उभी. निरुपमाने पट्टी टेकवली. पुन्हा टेकवली. तिसऱ्यांदा टेकवली. मग उठली आणि विश्रामचे दोन्ही हात धरले, गोळ्यांच्या डब्यासकट.

"नव्वद! पूर्ण नव्वद! वाढली हो विश्राम, वाढली!"

शितोळे नाही. विश्राम! डबा खडखडत होता, पाऊस धडधडत होता, रमीला दोघांकडे बघून टाळ्या पिटत होती. मग निरुपमाच्या लक्षात आलं आपण काय धरलंय. तिने हात सोडले... पण सावकाश सोडले, बरं का.

सप्टेंबर सरता सरता अहल्याबेननी पेटी उघडली. येत्या गुरुवारी पैसे देणाऱ्या संस्थेची मंडळी दिल्लीहून तपासणीला यायची होती. त्यांनी चिठ्ठ्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि दोघांना आत बोलावलं.

"बसा. नको, उभेच राहा शितोळे. जानेवारीत तुम्ही एकशे बासष्ट आठ. काल, सोमवारी, एकशे चौसष्ट चार." त्यांनी चष्मा काढला. "कुठल्या चक्कीचं पीठ खाता?"

विश्राम नकळत खांदे पाडून उभा राहिला.

"सकाळी पोलादी टेपने फळी तपासली," अहल्याबेन म्हणाल्या. "आज बरोबर आहे. म्हणजे जानेवारीत चूक होती. लाकूड ओलं असेल, पट्टी ढिली असेल, काय असेल ते. पण सुरुवातच खोटी, तर तीनशे बारा मुलांचं एकही माप धरता येत नाही. निरुपमा, तुझी रमीला एक पूर्णांक सहा वाढली. आणि हा अठ्ठावीस वर्षांचा घोडाही एक पूर्णांक सहा वाढला. सांग, कुणाचं खरं मानू?"

निरुपमाचा चेहरा कागदासारखा झाला. "फळीचा दोष नाही, बेन," ती हळूच म्हणाली. "आकडा चढताना मला दिसत होता. मला वाटलं, माझा हातच ठिकाणावर नाही. सोमवारी... सोमवारी माझा हात ठिकाणावर नसतो. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. गुरुवारी मी सांगेन त्यांना, की मापं माझी चुकली. सगळी रद्द करा. मी जाते."

ती टेबलावरचा कोरा कागद ओढून राजीनामा लिहायलाच बसली. 'मापे घेताना माझ्याकडून' इथपर्यंत आलीसुद्धा. विश्रामने तो 'माझ्याकडून' वाचला, आणि जे बोलायचं नव्हतं ते बोलून गेला.

"मी लटकतो."

"काय करता?" अहल्याबेन म्हणाल्या.

"लटकतो. आखाड्यात, रिंगांना. पहाटे पाचपासून साडेसातपर्यंत."

"रोज?"

"सोमवारी."

"फक्त सोमवारी! का?"

विश्राम पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. निरुपमाचं पेन थांबलं. अहल्याबेननी एकदा ह्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि सगळं वाचल्यासारखी मान हलवली. पण त्या पक्क्या. "नुसतं म्हणणं माझ्याकडे चालत नाही. तुमची खरी उंची जानेवारीतलीच आहे, हे ह्याच फळीवर दाखवा. उद्या सकाळी लटकून या. मग दिवसभर दर दोन तासांनी मोजू. संध्याकाळी एकशे बासष्ट आठला परत आलात, तर फळी वाचली, मुलांची मापं वाचली, हिची नोकरी वाचली. नाही आलात, तर मीच सगळ्यावर काट मारीन."

आता बघा कशी गंमत! आठ महिने ज्या मिलिमीटरसाठी गडी चिमण्यांना खांद्यावर घेऊन लटकला, तेच आता स्वतःच्या हाताने परत द्यायचे. आणि कुणासमोर? तिच्याच समोर!

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता, अंगणवाडीत फळी लावून, एकशे चौसष्ट चार. निरुपमाहून एक मिलिमीटर जास्त. एवढं सुख त्याने शेवटचं भोगून घेतलं, आणि मग अंगणवाडीच्या कोठीतलं गव्हाचं पोतं पाठीवर घेतलं. चाळीस किलोचं. वस्तीला एक फेरी. दहा वाजता फळीपाशी. एकशे त्रेसष्ट नऊ. पोतं पुन्हा पाठीवर. बारा वाजता एकशे त्रेसष्ट पाच. तोवर सगळी वस्ती गोळा झाली होती. मुलं मागून नाचत होती, काका लहान होतायत म्हणून ओरडत, "काका नाना थाय छे! काका नाना थाय छे!" आणि रमीला सगळ्यात पुढे. दुपारी दोनला एकशे त्रेसष्ट एक, आणि तिथे आकडा अडून बसला. चारलाही तेवढाच!

"पोतं कमी पडतंय," विश्राम धापा टाकत म्हणाला. "अजून एक द्या."

"वेड लागलंय का? कंबर मोडेल!" निरुपमा म्हणाली.

"मोडली तर बरंच. आणखी कमी होईन."

"विश्राम, पुरे. नोकरी गेली तर गेली माझी."

"नोकरीसाठी कोण करतंय? रमीलाचे एक पूर्णांक सहा आहेत ते. तिचे खरे आहेत. माझे खोटे होते."

दुसरं पोतं त्याने घेतलं. कुणी म्हणतं अर्धं होतं, पण पूर्ण होतं! दोन पोती पाठीवर, वर रमीला बसलेली, आणि गडी वस्तीला चार फेऱ्या मारून आला. सहा वाजता चपला काढून फळीला टाचा लावल्या. हनुवटीखाली दोन बोटं आली.

"नजर समोर. श्वास आत घ्या..."

पट्टी टेकली. निरुपमाने वाचलं, आणि हातानेच बेनना बोलावलं. अहल्याबेन स्वतः उठून आल्या, चष्मा पुसून त्यांनी वाचलं. "एकशे बासष्ट पूर्णांक आठ!"

वस्तीने अशी आरोळी ठोकली, की पिंपळावरचे बगळे उडाले. अहल्याबेननी तिथल्या तिथे रजिस्टर काढलं, दिवसभराची सहाही मापं उतरवली आणि खाली लिहिलं, 'फळी निर्दोष. माणूस बदलावा.' सही केली. गुरुवारी दिल्लीच्या मंडळींनी ते पान तीनदा वाचलं, हसली, आणि तीनशे बाराही मुलांची मापं धरली. पुढे पाकीट फुटलं, तेव्हा रमीलाची गोळी खरी निघाली. पण ते नंतरचं. त्या संध्याकाळचं राहिलंच.

लोक पांगले. फळीपाशी दोघंच. पोत्यातल्या गव्हाचा भुसा विश्रामच्या केसांत, मानेवर, पापण्यांवर. निरुपमाने पदराने तो झटकला.

"एका मिलिमीटरसाठी?" ती म्हणाली. "माझ्यापेक्षा एक मिलिमीटर उंच व्हायला आठ महिने लटकलात?"

"मावशी बोटभर म्हणाली होती ना. बोटापर्यंत जाणार होतो."

"लग्न मावशीला करायचंय का?"

आणि इथे, मंडळी, शितोळ्यांच्या रक्ताने उसळी मारली! विश्रामने पाठ ताठ केली, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाला, "निरुपमा! उंचीने कमी आहे, पण जीव लावण्यात कुणाला हार जाणार नाही. ह्या फळीच्या साक्षीने विचारतो, माझ्याशी लग्न करशील?" एका दमात! जरा न अडखळता! डोळ्याला डोळा भिडवून—

"खोटं! साफ खोटं!"

दारात निरुपमाबाई उभ्या होत्या, हातात पोह्यांची ताटली, आणि ऐकणारी पोरं आधीच फिदीफिदी हसायला लागली होती.

"चिमण्या चालवून घेतल्या, दोन पोतीही चालवून घेतली. पण हे नाही चालायचं हं, अहो! एक शब्द फुटला नव्हता तुमच्या तोंडून. लग्नाचं विचारलं मी. आणि तुम्ही 'हो' म्हणायच्या ऐवजी मटकन खाली बसून रडलात. अहल्याबेननी पाणी पाजलं तुम्हाला!"